दीर्घ विमानप्रवासांत आसन कोणतें घ्यावें ?

१९४८ सालच्या जून महिन्याच्या ८ व्या तारखेस एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला जाऊन पोहोंचलें. त्या काळीं विलायतेस आकाशमार्गानें जाणें ही संस्थानिकांची, बड्या व्यापाऱ्यांची आणि क्वचित् सरकारी कामावर निघालेल्या अधिकाऱ्यांची गोष्ट होती. आज ती सदाशिव पेठेंतल्या, डोंबिवलींतल्या आणि नागपूरच्या धरमपेठेंतल्या आजीबाईंची गोष्ट झाली आहे. मुलीचें बाळंतपण न्यू जर्सींत, नातवाची मुंज कॅलिफोर्नियांत. घराघरांतून बॅगा भरल्या जातात, मेतकूट आणि डिंकाचे लाडू यांच्या पुड्या बांधल्या जातात, आणि पासष्टी-सत्तरीच्या घरांतलीं माणसें चौदा-पंधरा तास एका खुर्चीवर काढण्यास सिद्ध होतात.

अलीकडे परदेशस्थ मुलें आग्रहानें वरच्या वर्गाचें, म्हणजे 'बिझनेस क्लास' म्हणून जो ओळखला जातो त्या वर्गाचें, तिकीट काढून पाठवूं लागलीं आहेत. साध्या तिकिटाच्या तिप्पट-चौपट पैसा त्यांत जातो. आईच्या मणक्याचें दुखणें किंवा वडिलांचे सुजणारे पाय ध्यानीं घेऊनच तीं हा खर्च करतात, आणि तो संकोचानें नाकारण्यांत कांहीं विशेष पुरुषार्थ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आमचें म्हणणें निराळेंच आहे. पैठणी घेतांना दहा घड्या उलगडून काठ-पदर निरखून पाहणारी आमची गृहिणी, पैठणीच्या किंमतीच्या किती तरी पट किंमतीचें हें आसन मात्र न पाहतां घेते. वर्ग वरचा आहे एवढ्यावर सर्वजण समाधान मानतात. एकाच वर्गांतील, एकाच किंमतीचीं, एकाच विमानांतील दोन आसनें रात्रीच्या झोंपेच्या दृष्टीनें एकमेकांपासून किती दूर असूं शकतात, याची कल्पना फार थोड्यांस असते.

'उत्तम आसन कोणतें ?' असें आम्हांस कोणी विचारलें, म्हणजे आमच्यांतला संस्कृतचा मास्तर जागा होतो. 'उत्तम' हा तमप्-प्रत्ययान्त शब्द आहे. आणि असा शब्द वापरावयाचा झाल्यास कोणत्या समुदायांत उत्तम, हें आधीं सांगावें लागतें. विमानाच्या बाबतींत त्यापुढें आणखी एक प्रश्न जोडावा लागतो : कोणासाठीं उत्तम ? तिशींतला व्यापारी, नवविवाहित जोडपें, आणि गुडघ्याचें शस्त्रकर्म झालेली आजी यांचें उत्तम आसन एक असूं शकत नाहीं. आम्हीं हा लेख मुख्यतः त्या आजीस आणि तिच्या यजमानांस डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तरुणांनीं आपापलें पाहून घ्यावें.

प्रथम थोडा इतिहास. हा मधला वर्ग विमानांत आला तो १९७८-७९ च्या सुमारास. तेव्हां त्याचा अर्थ जरा रुंद खुर्ची आणि बरें जेवण एवढाच होता. खुर्ची पुरती सपाट होऊन तिची शय्या बनूं लागली ती पुढें. ब्रिटिश एअरवेजनें २००० सालीं या वर्गांत अशी शय्या आणिली, आणि मग हळूहळू इतर कंपन्यांनाहि तें करणें भाग पडलें. मध्यंतरींच्या काळांत कित्येक विमानांत खुर्ची सरळ तर होई, पण उतरती राही; निजलेला मनुष्य रात्रभर पायांकडे घसरत जाई. अशा खुर्च्या अजूनहि क्वचित् आढळतात. म्हणून तिकीट काढतांना 'शय्या पूर्ण सपाट होते काय ?' हा प्रश्न विचारण्यास लाजूं नये.

त्यानंतरचा प्रश्न विमान कोणतें, हा होय. तिकिटावर कंपनीचें नांव मोठें असतें आणि विमानाची जात बारीक अक्षरांत असते. वाचावयाची ती बारीक अक्षरें. एअर इंडियाचींच दोन विमानें घ्या. २०१२ पासून आलेल्या बोइंग ७८७-८ विमानांत या वर्गाचीं अठरा आसनें मुळांत दोन-दोन-दोन अशीं तीन ओळींत मांडलेलीं होतीं. जानेवारी २०२४ मध्यें त्याच कंपनीनें एअरबस ए-३५० विमान सुरू केलें, त्यांत अठ्ठावीस आसनें असून तीं एक-दोन-एक अशीं आहेत, आणि प्रत्येकास सरकतें दार आहे. एमिरेट्सचें प्रचंड दुमजली ए-३८० घ्या; त्याच्या वरच्या मजल्यावर मांडणी एक-दोन-एक. पण त्याच कंपनीच्या बोइंग ७७७ विमानांत कित्येक वर्षें दोन-तीन-दोन अशी मांडणी होती, म्हणजे इतके पैसे मोजूनहि दोन परक्या माणसांच्या मधोमध बसण्याचा प्रसंग. २०२४ पासून त्यांपैकीं कांहीं विमानें नव्यानें सजवून तेथेंहि एक-दोन-एक केलें जात आहे. सारांश, मुंबईहून दुबईपर्यंतचें आसन एका प्रकारचें आणि दुबईहून पुढचें निराळ्याच प्रकारचें, असें एकाच तिकिटावर घडूं शकतें.

हे आंकडे म्हणजे कोणतें गणित, असें पुष्कळ भगिनी विचारतील. विमान हें लांबट सभागृह समजावें. त्यांत पुढून मागें जाणाऱ्या दोन वाटा असतात. दोन-दोन-दोन म्हणजे डाव्या खिडकीशीं दोघे, मध्यें दोघे, उजव्या खिडकीशीं दोघे. एक-दोन-एक म्हणजे प्रत्येक खिडकीशीं एकेकच, आणि मध्यें एक जोडी. दुसऱ्या मांडणींत कोणाच्याहि आणि वाटेच्या मध्यें परका मनुष्य येत नाहीं. अक्षरांची खूणहि ठाऊक असावी. डावी खिडकी 'ए', उजवी बहुधा 'के', आणि मधली जोडी बहुधा 'डी' व 'जी'. मधलीं अक्षरें गाळलेलीं पाहून गोंधळून जाऊं नये. 'आय' हें अक्षर तर एकाच्या आंकड्यासारखें दिसतें म्हणून वगळण्याचाच प्रघात आहे. (लुफ्थान्साच्या विमानांत तेरा आणि सतरा क्रमांकांच्या ओळीहि नसतात; कारण पश्चिमेंत कोठें तेरा अशुभ, तर कोठें सतरा. राहुकाल पाहणाऱ्या आमच्या आजीबाईंस हंसणाऱ्या नातवांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.)

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊं. आईला खिडकी द्यावी, हा आपल्या घरांतला शिष्टाचार आहे. आगगाडींत तो ठीक होता. कसाऱ्याचा घाट, वाटेंतलीं स्टेशनें, पेरूवाल्यांच्या टोपल्या पाहण्यांत वेळ जाई. पस्तीस हजार फुटांवरून रात्रीं कांहींच दिसत नाहीं. तरीहि मुलगा प्रेमानें आईसाठीं खिडकी राखतो, आणि विमान दोन-दोन-दोन मांडणीचें असलें म्हणजे काय होतें तें पाहा. जेवण झालें, दिवे मालवले, शेजारचे गृहस्थ खुर्ची सपाट करून पाय पसरून निजले. आतां आईस उठावयाचें तर त्यांना ओलांडून जाणें आलें, अथवा हलवून जागें करणें आलें. परक्या पुरुषास मध्यरात्रीं हांक मारावयाची, आणि तीहि इंग्रजींत ! आमच्या माहितींतल्या एका वृद्ध बाईंनीं हा प्रश्न अगदीं सरळ रीतीनें सोडविला : उठावें लागूं नये म्हणून चौदा तासांत त्या पाणीच प्याल्या नाहींत. मुलाच्या घरीं पोहोंचल्या तेव्हां पायांतल्या चपला चढत नव्हत्या आणि डोकें भणभणत होतें. शय्या सपाट होती, उशी मऊ होती, चांदीसारखे चमचे होते. पण एक वाट तेवढी मोकळी नव्हती.

हा विनोदाचा विषय नव्हे. विमानांतील हवा अतिशय कोरडी असते, आपल्या वैशाखांतल्या विदर्भाच्या हवेसारखी कोरडी, आणि अंगांतील पाणी न कळत कमी होत जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, चार तासांहून अधिक वेळ प्रवासांत एका जागीं बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गांठ होण्याचा संभव सुमारें दुप्पट होतो. एकंदर धोका थोडा आहे, सहा हजारांत एखादा. परंतु वय अधिक असणारे, शस्त्रकर्म नुकतेंच झालेले, पूर्वीं असा विकार झालेले यांना तो अधिक. हा धोका विमानापुरताच नाहीं; मोटारींत किंवा गाडींत तितकाच वेळ निश्चल बसणाऱ्यासहि तो आहे. तेव्हां महाग वर्गाचें तिकीट काढलें म्हणून पायांतलें रक्त आपोआप फिरूं लागेल असें कोणीं मानूं नये. तें फिरतें उठण्यानें, चालण्यानें. आणि उठणें घडतें तें वाट जवळ आणि मोकळी असल्यास. म्हणून ज्यास उठावेंसें वाटतांच कोणाची परवानगी न घेतां उठतां येईल तें आसन, ही आमची पहिली आणि जवळजवळ एकमेव कसोटी आहे. एक-दोन-एक मांडणींत ती सर्वच आसनांना उतरते. दोन-दोन-दोन असेल तर मधल्या जोडींतलीं दोन्ही आसनें वाटेकडचींच असतात. पति-पत्नी बरोबर जाणार असतील तर त्यांनीं खुशाल तीच घ्यावीं आणि खिडकीचा मोह सोडावा.

एक-दोन-एक मांडणींतहि भेद आहेत, आणि ते थोडे सूक्ष्म आहेत. कांहीं विमानांत आसनें माशाच्या कांट्याप्रमाणें तिरपीं असतात. व्हर्जिन अटलांटिकनें २००३ सालीं आणलेल्या आसनांवर प्रवाशाची पाठ खिडकीकडे आणि पाय वाटेकडे. येणाराजाणारा प्रत्येकजण निजलेल्याच्या पायांवरून नजर टाकून जाई. पुढें निघालेल्या उलट रचनेंत तोंड खिडकीकडे असतें, आणि ती आम्हांस अधिक शिष्टसंमत वाटते. विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांस.

दुसऱ्या रचनेंत आसनें सरळ असतात, पण एकाआड एक सरकविलेलीं असतात. एका ओळींत आसन खिडकीला चिकटून, आणि त्याच्या व वाटेच्या मध्यें लहानसें मेज. पुढच्या ओळींत आसन वाटेला चिकटून आणि मेज खिडकीकडे. कागदावर दोघांनाहि 'खिडकी'च म्हणतात. खिडकीला चिकटलेल्या आसनावर एकान्त लाभतो आणि झोंपेंत हात बाहेर आला तरी गाड्याचा धक्का लागत नाहीं. परंतु तेथें शिरावयाचें तें मेज आणि पुढची पाठ यांमधल्या अरुंद फटींतून, अंग तिरपें करून. ज्याचा गुडघा वळत नाहीं त्यानें वाटेकडचें आसन घ्यावें, आणि लाज न बाळगतां रात्रीं कोपर आंत घेऊन निजावें. मधल्या जोडीचेंहि असेंच. एका ओळींत दोघे एकमेकांना चिकटून, तर पुढच्या ओळींत मध्यें दोन मेजांची भिंत. कित्येक दांपत्यें शेजारशेजारचीं अक्षरें पाहून निर्धास्त होतात आणि विमानांत गेल्यावर एकमेकांचें तोंड पाहण्यास वांकून पाहूं लागतात. यजमानांच्या रात्रीच्या गोळ्या ज्या घरांत बाईंच्या हातानेंच द्यावयाच्या असतात, त्या घरानें ओळीचा क्रमांक विमानाच्या नकाशावर पाहिल्यावांचून जोडी पक्की करूं नये.

कांहीं आसनांचें तोंड विमानाच्या शेपटीकडे असतें. ब्रिटिश एअरवेजच्या २००० सालच्या रचनेंत तीं होतीं. कतार एअरवेजनें २०१७ सालीं सुरू केलेल्या 'क्यूसूट' रचनेंतहि तीं आहेत. यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, फक्त विमान वर चढतांना अंग पुढें, पट्ट्यावर लोंबकळल्यासारखें होतें. आगगाडींत उलट बसल्यानें ज्यांस मळमळतें त्यांनीं मात्र तीं टाळलेलीं बरीं.

पायांसंबंधीं एक गोष्ट कोणीच सांगत नाहीं. शय्या सपाट झाली म्हणजे पाय पुढच्या प्रवाशाच्या मेजाखालच्या एका खणांत शिरतात. हा खण पुष्कळ विमानांत इतका निमुळता असतो कीं, पावलें उभीं ठेवून कुशीवर वळणें कठीण जातें. सहा फुटी जवानाला तें जाचतें हें उघड आहे; पण संधिवातानें ज्यांचे पाय सुजतात अशा लहानखुऱ्या माणसालाहि तें तितकेंच जाचतें. बहुतेक रचनांत अगदीं पहिल्या ओळींतला खण ऐसपैस असतो, कारण पुढें कोणाचें मेज नसून भिंत असते. म्हणून पायांच्या दुखण्याच्या माणसास आम्ही पहिली ओळ सुचवितों. मात्र त्याच भिंतीवर तान्ह्या मुलांचे पाळणे अडकवितात. नातवंडांच्या रडण्याची संवय असलेल्यांना त्याचें कांहीं वाटणार नाहीं. इतरांनीं नकाशावर पाळण्याची खूण पाहून मग ठरवावें.

जागा पुढें असावी कीं मागें, यावर फार वाद घालण्याचें कारण नाहीं. विमान हेलकावे खातें तेव्हां पंखांच्या आसपास तें कमी जाणवतें आणि शेपटाशीं अधिक. यंत्रांचा आवाज पंखांच्या पुढें कमी. हा वर्ग बहुधा पंखांच्या पुढेंच असतो, त्यामुळें दोन्ही बाबतींत फारसा तोटा नाहीं. खरा उपद्रव मुदपाकखान्याचा आणि शौचगृहाचा. मुदपाकखान्यालगतच्या ओळींत रात्रभर कप्प्यांचीं झांकणें वाजतात, पडद्याच्या फटींतून उजेड येतो, आणि सेवकवर्ग आपसांत बोलतो. त्यांनींहि बिचाऱ्यांनीं बोलावें केव्हां? शौचगृहालगत दाराची उघडझांप आणि बाहेर उभी राहणारी मंडळी. ज्या गृहस्थांना रात्रीं दोन-तीन वेळां उठावें लागतें त्यांनीं शौचगृहापासून दोन-तीन ओळींवर जागा घ्यावी : भिंतीला लागून नको, आणि अंधारांत सगळी दालनें ओलांडावीं लागतील इतकी दूरहि नको.

ज्यांस दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांच्यासाठीं आसनापेक्षांहि विमानाची जात महत्त्वाची. आंतील हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा राखीत नाहींत. पुष्कळ विमानांत तो आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका विरळ होऊं देतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत सहा हजार फुटांइतका. आपलें महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, आणि कळसूबाईचें शिखर सुमारें पांच हजार चारशें. म्हणजे नव्या विमानांत कळसूबाईहून थोडें वर, आणि जुन्यांत त्याच्याहि बरेंच वर, आपण रात्रभर निजलेलों असतों. वैद्यांचा सल्ला घेतांना हे आंकडे त्यांच्या पुढें ठेवावे.

आतां कंपन्यांच्या व्यवहाराविषयीं दोन शब्द. आसनें सारखीं नाहींत हें त्या स्वतःच कबूल करूं लागल्या आहेत. लुफ्थान्सानें मे २०२४ मध्यें म्यूनिकहून 'अलेग्रिस' नांवाची नवी रचना सुरू केली. तींत एकाच वर्गाच्या आंत लांब शय्येचें, अधिक एकान्ताचें, दाराच्या खोलीचें असे निरनिराळे प्रकार केले असून चांगल्या जागांस निराळे पैसे पडतात. एकदां तिकीट घेतल्यावर पुन्हा गादीच्या लांबीचें भाडें मागणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तथापि यांतून एवढें तरी सिद्ध होतें कीं, जेथें जादा पैसे मागत नाहींत तेथें चांगलें आसन हें केवळ आधीं मागणाऱ्याच्या वांट्यास येतें. तिकीट काढल्याच्या दिवशींच नकाशा उघडून जागा ठरवावी. प्रवासाच्या आधीं एक-दोन दिवस, जागांची शेवटची नोंद खुली होते तेव्हां, पुन्हा पाहावें. कारण ऐन वेळीं विमान बदलतें, आणि मग संगणक जोडप्यास खुशाल दोन टोकांस बसवून मोकळा होतो. तसें झाल्यास विमानतळावरच्या खिडकीशीं शांतपणें, पण स्पष्ट शब्दांत सांगावें कीं आम्हीं दोघांनीं एकत्र बसण्याची जागा घेतली होती. मोठ्यानें बोलण्याचा उपयोग होत नाहीं. घेतलेल्या जागेचा छापील कागद पुढें ठेवण्याचा होतो.

परतीच्या प्रवासाचा विचार निराळा करावा. जातांना अंगांत उत्साह असतो, येतांना सहा महिन्यांचें जागरण. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून निघणारीं विमानें बहुधा संध्याकाळीं वा रात्रीं सुटतात. ज्या आजीबाई बाळंतपण उरकून एकट्याच परत येतात त्यांना खरी झोंप हवी ती याच खेपेस, तेव्हां एकान्ताचें आसन यावेळीं घ्यावें. बोइंग ७८७ मध्यें खिडकीस वर-खालीं करावयाची झांप नसते, कांच काळी करण्याचें बटण असतें, आणि पुष्कळदां सेवकवर्गच सर्व कांचा एकदम काळ्या करून टाकतो. सकाळ केव्हां झाली हें कळावयाचें तर मनगटावर घड्याळ असावें. आणि पहिल्या ओळीची जागा मिळाली असेल तर उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं हातांतली पिशवी वरच्या कप्प्यांत ठेवावी लागते, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी, चष्मा आणि मुलाच्या पत्त्याचा कागद हीं पिशवींत न ठेवतां अंगावरच्या खिशांत ठेवावीं. साडीला खिसा नसतो, तेव्हां वर एक लोकरी जाकीट घालावें, थंडीचीहि सोय होते.